आठ कोस वाट, अकरा दिवस

पहिलं तेच सांगतो, म्हंजी परत त्यावरनं वाद नको. मी त्या साली तुला न्यायला आलो नव्हतो. शेरडं चारायला आलतो. पन्नास वर्सं हेच सांगत आलो. आता तू न्हाईस म्हणून बदलायचं कारण न्हाय.

तुला जाऊन आज पंधरा दिवस झाले. तेरावं उरकलं, पाव्हणे आपापल्या गावाला गेले. सुभाष अजून थांबलाय. काल म्हणाला, "आबा, आता हितं एकट्यानं कशाला ऱ्हायचं? पुण्याला चला." मी म्हणलं, "शेरडं?" तर म्हणतो, "इकून टाकू." मी उठून गोठ्यात गेलो. तुझ्या पोराला म्हाईतच न्हाय, आपल्या घरात एक करडू इकण्यावरनं काय काय झालंय.

वही नातीनं दिली. स्नेहल पुण्यात माणसाच्या मनाचं शिकती ना, ती म्हणाली, "आबा, आजीशी बोलायचं जे राहिलंय ते लिहून काढा. जसं बोलता तसंच लिहा." मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षर शेरडाच्या लेंड्यागत पडतंय, कुठं दाट, कुठं इरळ. तुला तर वाचताच येत नव्हतं, तवा तुला काय फरक पडतोय.

माझं राहिलेलं एकच हाय. दवाखान्यातलं तुझं ते "बरं".

धाराशिवच्या दवाखान्यात तुझा सहावा दिवस होता. दुपारची येळ. नाकाला नळी होती. तू डोळं उघडलंस आन बोटानं मला जवळ बोलावलंस. मला वाटलं पाणी पायजे. तू म्हणालीस, "आता तरी खरं सांगा."

"काय?"

"न्यायला आलता का न्हाय?"

शेजारच्या खाटेवर उमरग्याकडची एक बाई होती, तिनं कान इकडंच लावलेला. मी म्हणलं, "डॉक्टरनं बोलू नको म्हणून सांगितलंय."

"मला बोलू नको म्हणलंय. तुमी बोला."

मी म्हणलं, "चारायला आलतो."

आता हितं तू भांडायला पायजे होतंस. दर वर्सी भांडायचीस. "तर तर! चारायला म्हणं! काय बाई माणूस हाय, पिकून पडायला आला तरी खोटं सुटंना!" असं म्हणून भाकर अशी थापायचीस की परात वाजायची. मग अर्धा दिवस माझ्याशी अबोला, आन संध्याकाळी ताटात एक मिरची जास्त. ह्याची मला सवय झालती. तू त्या दिशी काय केलंस? "बरं," म्हणालीस. आन भिंतीकडं तोंड केलंस.

बरं म्हंजी काय? पटलं म्हणून बरं, का आता ह्या माणसाच्या नादाला लागायचं न्हाय म्हणून बरं? पन्नास वर्सांचं भांडण एका शब्दात टाकून दिलंस? मी इचारणार होतो. तेवढ्यात नर्सबाई आली, कागद दिला, म्हणाली खालच्या दुकानातनं औषध आणा. मी खाटेखाली बघितलं तर चपला न्हाईत. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. उमरग्याच्या बाईला इचारलं, "मावशी, माझ्या चपला बघितल्या का?" ती खिडकीतनं बाहेर बघाय लागली. मला वाटलं, गेल्या चोरीला. अनवाणीच निघालो.

चैताचं ऊन. दुकान रस्त्याच्या पल्याड. डांबर असं तापलेलं की पाय उचलत उचलत गेलो. दुकानात गर्दी. अर्धा घंटा लागला असंल. माघारी आलो तर तुझ्या खाटेभवती पडदा ओढलेला.

मला न सांगता गेलीस. जिंदगीभर माझ्याशी भांडलीस, "सांगून जावा, कुठं जाताव ते सांगून जावा, कवा येणार ते सांगून जावा." आन सोताची पाळी आली तवा मला औषधाला धाडून गेलीस. राग हाय मला त्याचा. लोक म्हणत्यात, म्हातारा रडला बी न्हाय. न्हाय रडलो. मी कुणाला रडायचं देणं लागत न्हाय. माझा राग तुझ्यावर हाय, तो मी तुझ्यापाशी काढीन, चारचौघात न्हाय.

आन राग काढता काढता मागचं बी लिहितो. स्नेहल सारखी इचारती, "आबा, तुमच्या लहानपणी काय झालं होतं? आजीच्या काय झालं होतं?" तुला म्हाईत हाय ते. पण कागदावर कधी आलं न्हाय.

माझा बाप वारला तवा मी पाच वर्सांचा. आईनं दुसरं घर केलं. तिकडची अट होती, पहिल्या घरचं पोर आणायचं न्हाय. मला मामाकडं ठिवलं, म्हणाली, "चार दिसांनी येते." चार दिस म्हंजी किती, ते मला येत नव्हतं, म्हणून मी मामीला इचारायचो, झाले का? मामी म्हणायची, व्हतील. वरीस झालं तवा आली. पदरात रेवड्या होत्या. तिची हाक ऐकली आन मी माळवदावर चढलो. वर उजेडासाठी भोक असतं ना, त्यातनं खाली बघत पालथा पडून ऱ्हायलो. ती हाका मारत होती. मामा हाका मारत होता. मला सगळं दिसत होतं. तिच्या हातातल्या बांगड्या नव्या होत्या. ऊन कलंस्तोवर बसली आन गेली. वाटंच्या वळणापतोर मी तिला वरनं बघितलं. रेवड्या मामाच्या शेळीला चारल्या. ती परत आली न्हाय. मी बी तिच्या गावाला कधी गेलो न्हाय. तवापासनं कुणी हाक मारली की मी वर चढतो. माळवद असो का नसो.

आन तुझं. तुझे आईबाप ऊसतोडीला जायचे, तुला चुलतीकडं ठिवून. दर साली तू गाडीमागं रडत पळायचीस म्हणून एका साली त्यांनी तुला दळण घेऊन गिरणीला धाडलं. तू पिठाचा डबा डोक्यावर घेऊन आलीस तर दारात गाडी न्हाय. चाकाच्या चाकोऱ्या तेवढ्या. त्या चाकोऱ्यांवरनं तू वढ्यापतोर गेलीस, डबा डोक्यावर तसाच. वढ्याच्या पाण्यात चाकोरी मोडली, तवा माघारी फिरलीस. हे तू मला लग्नाच्या पहिल्या वर्सी सांगितलंस. मी तवा सुपारी कातरत होतो. "हं," म्हणलं. आन कातरत ऱ्हायलो.

अशी दोन माणसं एका घरात घातल्यावर काय व्हायचं? मी न सांगता निघणार, तू दारात उभी. "कुठं?" "रानात." "कवा येणार?" मी गप. एवढं सांगायला तोंड झिजत नव्हतं, मला म्हाईत हाय. पण कुणी कवा येणार इचारलं की मला ते चार दिस आठवायचे. मी कुणाला दिस सांगणार न्हाय, हे मी ठरवलेलं.

मग तू माझ्या चपला लपवाय लागलीस. जात्यामागं, कणगीत, एकदा तर पाण्याच्या रांजणात बुडवून ठिवल्यास. "सांगा कवा येणार, मग देते." आन मी अनवाणी जायचो. बाभळीच्या रानात, शेरडामागं, अनवाणी. संध्याकाळी तूच सुई घेऊन बसायचीस माझा पाय मांडीवर घेऊन. काटा काढताना पायजे त्यापरीस खोल टोचायचीस. "दुखलं का?" "न्हाय." "मग हे बी न्हाय दुखणार." सगळी आळी हसायची आपल्याला. पण तुला सांगतो, पायात काटा मोडला की मला बरं वाटायचं. संध्याकाळचं काम ठरलं म्हणून.

लग्नाच्या चौथ्या साली आपली चांदी शेळी याली. कपाळावर पांढरा ठिपका होता ती. दोन करडं झाली, एकाला तिनं चाटलं, दुसऱ्याला शिंग लावलं. आपल्याकडच्या शेळीला दोन व्हत्यात हमेशा, त्यात असं कधीमधी होतं. त्याला इलाज हाय, मामानं मला शिकवलेला. करडाच्या पाठीला मीठ चोळायचं, शेळीची मान धरायची, मागचे पाय बांधायचे आन करडू कासंला लावायचं. मिठापायी ती चाटती, चाटता चाटता वास बसतो, तीन-चार दिसांत आपलं म्हणती. पण ते तीन दिस माणसानं त्याला मांडीवर घ्यायचं न्हाय. माणसाचा वास बसला की शेळी त्याला कधीच घेत न्हाय, आन ते करडू शेरडांचं बी ऱ्हात न्हाय.

मी तुला हे दहादा सांगितलं. दुसऱ्या दिशी गोठ्यात आलो तर तू करडू पदरात घेऊन बसलेली. दुधात चिंधी बुडवून त्याच्या तोंडात पिळत होतीस.

"अगं, काय करतीस? वास बसंल!"

"बसू द्या. तिनं टाकलं म्हणून आपण बी टाकायचं व्हय?"

झालं. मीठ वाया गेलं. ते करडू तुझ्यामागं फिराय लागलं. हिरीवर तुझ्यामागं, रानात तुझ्यामागं. तू नजरंआड झालीस की असं वरडायचं की गावाला वाटावं कुणी कापतंय. कळपात सोडलं तर चरायचं न्हाय, वाटंकडं बघत उभं ऱ्हायचं. आन आपल्याला तवर पोर नव्हतं. हिरीवर चार बाया असताना मी तुला म्हणालो, "पोर न्हाय म्हणून शेरडाला पोर करून बसलीस." ते बोललो. माघारी घेता आलं न्हाय, घ्यायला गेलो बी न्हाय.

त्याच आठवड्यात तू दळणाला गेलेली बघून मी ते करडू बाजारात नेऊन इकलं. सगळ्यांना सांगितलं, कळपात न मिसळणारं जनावर काय कामाचं. खरं कारण आज लिहितो. मला ते बघवत नव्हतं. कुणाच्या तरी मागं असं उघड उघड वरडत पळायचं आन त्याची लाज वाटू द्यायची न्हाय, हे मला बघवत नव्हतं. मी माळवदावर पालथा पडून ऱ्हायलेला माणूस.

पण मी दिस कसला निवडला, हे मला तवा कळलं न्हाय. तू डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आलीस आन गोठ्यात करडू न्हाय. तू डबा खाली ठिवलास, दोन लुगडी बांधलीस आन निघालीस. तेर गावाच्या पल्याड, तेरणा नदीच्या काठाला तुझा भाऊ ऱ्हायचा, तिकडं. मी दारात उभा होतो. आपल्यात रुसून गेलेल्या बाईला नवऱ्यानं दारात जाऊन आणायचं असतं, सासरवाडीला जेवायचं असतं, मग ती वटी भरून येती. तू त्याची वाट बघणार, आन मी काय जाणार न्हाय. सगळ्या गावाला म्हाईत होतं.

दोन महिने झाले. एक गोष्ट तुला कधी सांगितली न्हाय. त्या दोन महिन्यात मी करडू घेतलेल्या माणसाच्या गावाला गेलतो. त्यानं ते पुढं इकलेलं. पुढच्याकडं गेलो, त्याला आठवत बी नव्हतं. तू म्हणशील, म्हंजी पस्तावला. पस्तावलो नव्हतो. बघायला गेलतो, कुठं हाय ते.

मग एका सकाळी बावीस शेरडं सोडली आन उगवतीकडं हाकली. आठ कोस वाट. तरणा गडी सकाळी निघाला तर दिवस मावळायच्या आत पोचतो. मला अकरा दिवस लागले. दोनदा माघारी फिरलो. एकदा तर आपल्या गावच्या शिवंपतोर आलो, आन शेरडांनीच पुढं यायला नको केलं, तवा पुन्हा फिरलो. ज्याच्या रानात शेरडं बसवायचो त्याला लेंडीखत मिळायचं, तो मला भाकरी द्यायचा. इचारायचा, "कुठं निघालाव पाव्हणं?" मी म्हणायचो, "चारायला." वैशाखात. सगळ्या माळावर धोंड्याशिवाय काय न्हाय. लोक माझ्या तोंडाकडं बघायचे.

अकराव्या दिशी तेरणेच्या कोरड्या पात्रात तू झऱ्यावर घागर भरत होतीस. मी लांबच थांबलो. मी हाक मारली न्हाय, हे आपलं ठरलेलं हाय, मी हाक मारली न्हाय. पण चांदीनं मान वर केली. रोज संध्याकाळी तू त्यांना तळहातावर मीठ चाटवायचीस ना. सोताच्या करडाला शिंग लावणारी शेळी, ती अशी पळत सुटली तुझ्याकडं, आन मागनं एकवीस. तुझी घागर सांडली.

तू वर बघितलंस. "हिकडं कुठं?"

"चारायला."

"आठ कोसावर?"

"तिकडं चारा संपला."

तू सभोवार बघितलंस. सगळी वाळू आन धोंडे. "आन हितं काय उगवलंय?"

"शेरडाला काय बी चालतंय."

तेवढ्यात तुझा भाऊ आला. "दाजी! आलाव तर घरला चला, भाकर खावा."

"न्हाय. शेरडं हायती."

तू म्हणालीस, "दारात आल्याबिगर म्या येणार न्हाय. सांगून ठिवते."

"म्या न्यायला आलोच न्हाय, तर दारात कशाला येऊ?"

तुझा भाऊ बिचारा मधी उभा, एकदा तुझ्याकडं बघतोय, एकदा माझ्याकडं. तू काय केलंस? घागर डोक्यावर घेतलीस, वळलीस आन घरला चालाय लागलीस. आन बावीसच्या बावीस शेरडं तुझ्यामागं. मी हाळी दिली, शीळ घातली, एक वळंना. मला शेरडामागं जावंच लागलं. तुझ्या भावाच्या दारात कळप थांबला, तिथं मी थांबलो. तुझ्या वहिनीनं पायावर पाणी घातलं, बायांनी तोंडाला पदर लावले. तू उंबऱ्यावर उभी राहून म्हणालीस, "आले का न्हाय दारात?"

"शेरडामागं आलो," मी म्हणालो.

अजून तेच म्हणतो.

येताना आपण ती वाट दीड दिसात आलो. मी पुढं, तू मागं, मधी शेरडं. शिवंजवळ आल्यावर तू एवढंच म्हणालीस, "आता करडू इकायचं झालं तर सांगून इका." मी म्हणलं, "हं." त्यानंतर तू माझ्या चपला कधी लपवल्या न्हाईस. पन्नास वर्सांत एकदा बी न्हाय. आन मी बी निघताना, दिस न्हाय सांगितला कधी, पण बैलाला पाणी पाजायच्या आत येतो, दिवाबत्तीच्या आत येतो, एवढं उंबऱ्याकडं बघून बोलाय लागलो. तुला म्हणून न्हाय. उंबऱ्याला.

परवा दुपारी वट्यावर स्नेहल मला शिकवाय लागली. म्हणाली, "आबा, लहान पोराला आई जरा वेळ सोडून गेली आणि परत आली की तीन तऱ्हा दिसतात. एक रडतं, आई आली की शांत होऊन खेळायला लागतं. दुसरं आई आली तरी शांत होत नाही, तिला मारतं पण आणि घट्ट धरतं पण. तिसरं आईकडं बघतच नाही, काही झालंच नाही असं खेळत राहतं. मोठेपणी बायकोशी, नवऱ्याशी माणूस बऱ्याचदा तसाच वागतो."

मी म्हणलं, "हे शिकायला पुण्याला गेलीस? गोठ्यात बसली असतीस तर महिन्यात कळलं असतं. आन त्या तिसऱ्याच्या छातीवर हात ठिवून बघितलाय का कुणी? तुमच्या पुण्यात?"

"का?"

"टाकलेलं करडू कोपऱ्यात उभं असतं, गवत हुंगतंय असं दाखवतं. कुणाला वाटंल ह्याला कशाची फिकीर न्हाय. छातीला हात लावला तर काळीज असं उडत असतं की हाताला धक्के बसत्यात."

तिनं सोताच्याच छातीवर हात ठिवला. मग हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही तिसरे. आजी दुसरी. असे दोघं एकत्र आले की एक धरायला बघतो आणि एक सुटायला. जन्मभर पळापळ."

मला राग आला. "कुणी पळालं न्हाय," म्हणलं. "पन्नास वर्सं एका घरात होतो. करडाला तीन दिसांत जे लागलं ते लागलं, त्याचं तिथं संपलं. माणसाचं तसं न्हाय. करडू आठ कोस चालत न्हाय आणायला."

"म्हणजे तुम्ही न्यायलाच गेला होता?"

"चारायला गेलतो!"

पोरगी हसली, हसता हसता रडाय लागली. मी तिला रडू दिलं. तुझ्यावानी रडती, नाक आधी लाल होतं.

आन काल. सून दवाखान्यातनं आणलेली तुझी पिशवी सोडत होती, लुगडी वाटून टाकायची म्हणून. मी वट्यावर बसून तळपायाचे फोड बघत होतो. डांबरानं आलेले, अजून पिकत्यात. सुईनं फोडायला कुणी न्हाय, आन मी कुणाला म्हणणार बी न्हाय. आतनं सून म्हणाली, "आबा, हे काय वो?" हिरव्या लुगड्याच्या चार घड्यांच्या आत, पदरानं गाठ मारून, माझ्या चपला.

मग मला उमरग्याची ती बाई आठवली, खिडकीतनं बाहेर बघणारी. तिला म्हाईत होतं. तिच्याच हातनं घेतल्यास तू, मला डुलकी लागली तवा. तुला सोताला उठता येत नव्हतं.

सगळे गोळा झाले. स्नेहल म्हणाली, "शेवटी आजीच्या मनात ती लहानपणीची भीती परत आली असेल, आबा. तुम्ही सोडून जाल म्हणून." सुभाषनं तोंड फिरवलं. मी त्या चपला हातात घेतल्या आन म्हणलं, "भीती? ती भ्याली असती तर पन्नास वर्सं लपवल्या असत्या. तुझ्या पुस्तकात हट्टाचं काय लिवलंय का बघ."

पण रागात बोललो तरी मनात हिशेब लागंना. पन्नास वर्सांनी ह्याच येळी का? सकाळी उठलो तवा कळलं. चहा गाळताना कळलं, चहा सांडला.

तुला म्हाईत होतं तू निघालीस. आन तुला हे बी म्हाईत होतं की तू निघालीस की मी काय करणार. शेरडं सोडणार आन उगवतीकडं हाकणार. म्हणून चपला काढून घेतल्यास. इतक्यात मागं यायचं न्हाय म्हणून. जो न्यायला येणार हाय त्याच्याच चपला लपवायच्या असत्यात, चारायला जाणाऱ्याच्या कशाला कोण लपवील?

मग तुझ्या "बरं"चा माझ्यापुरता निकाल लागला. तू भांडण टाकून दिलं नव्हतंस. तुला उत्तर म्हाईत होतं, त्या झऱ्यावर घागर सांडली तवापासनंच म्हाईत होतं. पन्नास वर्सं माझ्याकडनं वदवून घ्यायचं म्हणून भांडलीस. मी वदलो न्हाय. मी जिंकलो. तू बी जिंकलीस. बरं.

सुभाषला आज सकाळीच सांगितलं. पुण्याला येणार न्हाय. शेरडं इकणार न्हाय. चांदीच्या पणतीची पणती हाय गोठ्यात, तिच्या कपाळावर बी तसाच ठिपका हाय, गाभण हाय, आषाढात इती हाय ती. दोन झाली आन एकाला शिंग लावलं तर मीठ कोण चोळणार? आन इतक्या वर्सांनी माझं मत बदललंय. मीठ लागलं न्हाय तर मी ते करडू मांडीवर घेणार. वास बसला तर बसू दे. वरडंल माझ्यामागं. वरडू दे. मी कुठं जातोय ते त्याला सांगून जात जाईन.

चपला खुंटीला टांगल्यात. घालत न्हाय. तू मिळू द्यायच्या न्हाईत म्हणून ठिवल्यास, तर मी बी घेणार न्हाय. मला अनवाणी चालता येतं, तुला म्हाईत हाय.

वाट बघू नको. मी लगीच निघणार न्हाय. निघालो तर अकरा दिस लावीन, दोनदा माघारी फिरीन, रस्त्यात कुणाच्या तरी रानात शेरडं बसवून त्याची भाकर खाईन. तू तिकडं कुठल्या झऱ्यावर बसलीस तर बस, पण हाक मारू नको, मी हाकंला येत न्हाय. तळहातावर जरा मीठ घेऊन ठिव. शेरडं येतील पुढं. त्यांच्यामागं मी.

आन इचारलंस तर सांगून ठिवतो, उत्तर तेच हाय. चारायला आलतो.